स्प्लेंडरला कुठलं ऑईल घालू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जांबोटीजवळच्या गावातून तुम्ही रोज बेळगावला, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला येता. चंदगडच्या पाहुण्यांकडून चार वर्षं वापरलेली स्प्लेंडर घेतलीत, पण गाडीबरोबर पुस्तक मिळालं नाही. ऑईल बदलायचं म्हणून दुकानात गेलात तर भिंतभर डबे. दुकानदारानं एक सांगितलं, मित्रानं सिंथेटिकचा आग्रह धरला, व्हिडिओत तिसरंच ऐकलं. तासभर उभे राहून तुम्ही रिकाम्या हातानं परत आलात. घरी बहिणीची ॲक्टिव्हा आहे, तिलाही तेच ऑईल चालेल का हेही विचारलंत. आणि शेवटी लिहिलंत, "चुकीचं घातलं तर इंजिन जाईल काय?"

मी अठ्ठावीस वर्षं दुचाकीचं काम करतो, त्यातली पहिली सहा वस्तादांच्या हाताखाली. तेव्हा गॅरेजमध्ये ऑईलचे दोनच प्रकार असायचे. एक फोर-स्ट्रोकचं आणि दुसरं पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी. निवडायला काही नव्हतंच, त्यामुळे कुणी गोंधळत नव्हतं. आज एकाच कंपनीचे सात-आठ डबे शेजारी शेजारी असतात. एकावर मायलेज लिहिलेलं, दुसऱ्यावर पॉवर, तिसऱ्यावर स्कूटर. त्यामुळे तुमच्यासारखा विचार करणारा माणूस तिथं अडकतो. पहिल्या कमाईची गाडी आहे, ती आपल्या हातून बिघडू नये असं वाटतं, म्हणून हात पुढे जात नाही. हे मला कळतं.

पण तुम्ही डब्यांपासून सुरुवात केलीत, तिथं घोटाळा झाला. सुरुवात गाडीपासून करायची. ज्यांनी ते इंजिन बनवलं त्यांनी त्यातल्या फटी, पंप, क्लच बघून ऑईल ठरवलेलं आहे आणि पुस्तकात छापलेलं आहे. आपल्याला दुकानात जाऊन ते फक्त ओळखायचं आहे. पुस्तक हरवलं असेल तर कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेलप्रमाणे मिळतं, शोरूमच्या सर्व्हिस काउंटरवरही दाखवतात. आमच्या भागात कुणाला पुस्तक कन्नडमध्ये हातात पडतं, कुणाला इंग्रजीत, आणि वाचता येत नाही म्हणून ते देव्हाऱ्याखालच्या खणात जातं. भाषा कुठलीही असू दे, ऑईलच्या पानावरचे आकडे आणि अक्षरं तीच असतात.

त्या पानावर तीन गोष्टी बघायच्या. तुमच्या स्प्लेंडरला त्या अशा आहेत: ग्रेड १०डब्ल्यू-३०, एपीआय एसएल किंवा त्याच्या वरचं, आणि जॅसो एमए. हे तीन शब्द कागदावर लिहून खिशात ठेवा. भिंतीवर चाळीस डबे असतील तर या तिघांत बसणारे पाच-सहाच उरतात. त्या पाच-सहांतलं कुठलंही घातलंत तरी तुमच्या इंजिनाला ते चालतं. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर इथंच संपतं. पण हे तीन शब्द का, ते समजल्याशिवाय पुढच्या वेळी कुणीतरी पुन्हा तुम्हाला डळमळीत करील, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी ग्रेड. १०डब्ल्यू-३० मधला 'डब्ल्यू' विंटरचा, म्हणजे थंडीचा. त्याच्या आधीचा आकडा थंड ऑईल किती सहज वाहतं ते सांगतो आणि नंतरचा आकडा तापल्यावर ते किती दाट राहतं ते. १०डब्ल्यूची थंडीतली चाचणी वजा २५ अंशांवर होते, २०डब्ल्यूची वजा १५ वर. आपल्याकडे डिसेंबरात पारा १२-१३ वर आला तरी माणसं शेकोटी करतात, त्यामुळे लोक म्हणतात की पहिल्या आकड्याशी आपला काय संबंध. संबंध आहे. रात्रभर उभ्या गाडीतलं ऑईल खाली उतरलेलं असतं. सकाळी सेल मारल्यावर ते इंजिनाच्या वरच्या भागात, म्हणजे हेडपर्यंत, कॅमपर्यंत चढायला जो वेळ लागतो, त्या वेळात धातूवर धातू घासतो. पातळ असेल तर ते लवकर चढतं. जांबोटीला पहाटे धुक्यात गाडी काढणाऱ्याला तर हे कळायला हवं.

दुसरा आकडा तापलेल्या ऑईलचा, शंभर अंशांवर मोजलेला. इथं आमच्या भागात एक समजूत फार घट्ट आहे: जाड ऑईल म्हणजे चांगलं ऑईल. अथणी, रायबागकडची मंडळी एप्रिल-मेमध्ये येतात आणि म्हणतात, "उन्हाळा आहे, जाड आईल घाला." बैलहोंगलकडचे एक आजोबा दर उन्हाळ्यात यायचे, "दप्प एण्णी हाक्री" म्हणायचे, म्हणजे जाड तेल घाला. त्यांच्या जुन्या बुलेटला ते बरोबरच होतं, कारण त्या इंजिनाला २०डब्ल्यू-५०च सांगितलेलं होतं. पण त्यांचंच ऐकून त्यांच्या नातवानं स्प्लेंडरला तसलंच घातलं आणि गाडी जड ओढते, मायलेज पडलं, म्हणून माझ्याकडे घेऊन आला.

तुम्ही उद्यमबागेत काम करता म्हणून तिथलंच उदाहरण देतो. फाउंड्रीतून आलेला सिलिंडर बोअर करताना मशीनवरचा माणूस मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी भांडतो. पिस्टन आणि बोअर यांच्यात तेवढीच जागा सोडलेली असते, आणि त्या जागेत ऑईलचा पापुद्रा बसायचा असतो. लहान जागेत जाड ऑईल कोंबलं तर ते नीट फिरत नाही, पंपाला जोर लागतो आणि ती ताकद चाकाकडून कापली जाते. उन्हानं बाहेरची हवा दहा अंश तापली तरी आतल्या शंभर-सव्वाशे अंशांत त्याचा फरक थोडाच पडतो, आणि तेवढा फरक कंपनीनं ग्रेड ठरवताना धरलेला असतो.

याला एक अपवाद मी माझ्या कामात करतो. इंजिन लाखभर किलोमीटर चाललेलं आहे, पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, दोन हजार किलोमीटरमध्ये ऑईल खाली जातंय आणि मालकाकडे आत्ता इंजिनकामाला पैसे नाहीत, अशा वेळी १०डब्ल्यू-३० च्या जागी २०डब्ल्यू-४० घालून चार महिने काढता येतात. ऑईल जळणं थोडं कमी होतं. पण मी मालकाला स्पष्ट सांगतो की हा इलाज नाही, धूर मारतोय म्हणजे एक दिवस हेड उघडावंच लागणार. तुमची गाडी चारच वर्षांची आहे. तुम्हाला याची गरज नाही.

आता एपीआय. हे ऑईलच्या दर्जाचं अक्षर. पेट्रोल गाडीला 'एस'पासून सुरू होतं: एसजे, एसएल, एसएम, एसएन आणि २०२० मध्ये आलेलं एसपी. दुसरं अक्षर जितकं पुढचं, तितका दर्जा नवा, आणि साधारणपणे नवं जुन्याची जागा घेऊ शकतं. पुस्तकात एसएल असेल तर एसएन चालतं. एसजे घेऊ नका, मग ते कितीही स्वस्त असो. 'सी'पासून सुरू होणारं, म्हणजे सीएच-४, सीआय-४, हे डिझेलचं. ट्रॅक्टरला, उसाच्या गाड्यांना लागतं. घरात ट्रॅक्टरचं उरलेलं ऑईल आहे म्हणून ते स्प्लेंडरमध्ये ओतू नका.

तिसरी गोष्ट जॅसो, म्हणजे दुचाकीच्या ऑईलचं जपानी मोजमाप. इथं जरा थांबून वाचा, कारण खरं नुकसान होतं ते इथं, आणि तुमच्या घरातल्या दोन गाड्यांचा फरकही यातच आहे.

स्प्लेंडरमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच हे तिन्ही एकाच ऑईलमध्ये बुडालेले असतात. क्लचच्या प्लेटा एकमेकींना घट्ट धरतात तेव्हा गाडी पुढे जाते. म्हणजे त्याच ऑईलनं पिस्टनला घसरू द्यायचं आणि क्लचला घसरू द्यायचं नाही. जॅसो एमए म्हणजे हे दोन्ही सांभाळणारं. त्यात एमए१ आणि एमए२ अशा दोन पायऱ्या आहेत, एमए२ ची पकड जास्त. तुमच्या गाडीला तिन्ही चालतात. जपानमधल्या मोटारसायकल कंपन्यांच्या मागणीतून हे मोजमाप १९९८ मध्ये आलं, कारण मोटारींच्या ऑईलमध्ये मायलेजसाठी घर्षण कमी करणारी रसायनं वाढायला लागली आणि दुचाकींचे क्लच घसरायला लागले.

ॲक्टिव्हाचा क्लच मागच्या बाजूला, बेल्टच्या खोक्यात, कोरडा असतो. त्याला इंजिन ऑईल लागतच नाही. म्हणून स्कूटरच्या ऑईलमध्ये घर्षण आणखी कमी केलेलं चालतं, त्यानं मायलेज थोडं सुधारतं. त्याचं नाव जॅसो एमबी. ग्रेड तोच, १०डब्ल्यू-३०. डब्याचा रंगही कधी कधी सारखाच. आणि म्हणूनच चूक होते.

माझ्याकडूनही झालेली आहे. गॅरेज सुरू करून चार-पाच वर्षं झाली होती. एका गिऱ्हाइकाच्या दीडशे सीसी गाडीत मी मोटारीचं महागडं ऑईल घातलं. त्यानंच हौसेनं आणून दिलं होतं आणि महाग आहे म्हणजे चांगलंच असणार असं मलाही वाटलं. चौथ्या दिवशी तो चोर्ला घाटातून फोन करतोय, "रेस देतोय, आवाज वाढतोय, गाडी पुढं सरकना." मागे बायको बसलेली, वर पाऊस. ऑईल काढलं, दोनदा योग्य ऑईल घालून धुतलं, तरी प्लेटा काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या होत्या, बदलाव्याच लागल्या. प्लेटांचे पैसे मी घेतले नाहीत. तेव्हापासून डबा फोडण्याआधी मागच्या बाजूचं जॅसो वाचल्याशिवाय मी झाकणाला हात लावत नाही, पोरांनाही लावू देत नाही.

तर लक्षात ठेवा: एमबी स्प्लेंडरमध्ये गेलं तर क्लच घसरतो. एमए ॲक्टिव्हात गेलं तर काही बिघडत नाही, फार तर मायलेजमध्ये किंचित फरक. बहिणीची गाडी वॉरंटीत असेल तर पुस्तकात लिहिलेलं एमबीच घाला, वाद नको. वॉरंटी संपलेली असेल आणि घरी एकच डबा असेल तर तो एमएचा असू द्या. डब्यामागच्या गोल शिक्क्यात खाली इंग्रजीत 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' असं लिहिलेलं असेल तर ते मोटारीसाठी आहे, गिअरच्या गाडीला घेऊ नका.

मित्राचं म्हणणं राहिलं, सिंथेटिकच घाल. मिनरल ऑईल म्हणजे कच्च्या तेलातून शुद्ध केलेलं. सिंथेटिकमध्ये रेणू जास्त एकसारखे केलेले असतात, त्यामुळे ते उष्णतेत लवकर मोडत नाही आणि थंडीत जास्त सहज वाहतं. सेमी-सिंथेटिक म्हणजे दोघांची मिसळ, आणि त्यात सिंथेटिक किती हे डब्यावर बहुधा लिहिलेलंच नसतं. सिंथेटिक चांगलं असतं यात शंका नाही. पण कुणाला हवं हे परिस्थितीवर आहे. दहा हजार आरपीएमपर्यंत ओढल्या जाणाऱ्या गाड्यांना हवं, त्यांच्या पुस्तकात तसं लिहिलेलंही असतं. आठवड्याला गोवा करणाऱ्याला, मालवाहतूक करणाऱ्याला उपयोग होतो. तुमची गाडी रोज साठेक किलोमीटर, एका वेगात, एकट्या माणसाला घेऊन चालते. इंजिनासाठी हे सगळ्यात सुखाचं चालणं आहे. गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या ॲक्टिव्हाचे हाल त्यापेक्षा जास्त होतात, कारण ऑईल नीट तापतच नाही आणि आत साठलेली वाफ, कच्चं पेट्रोल उडून जात नाही. म्हणून बहिणीच्या गाडीचे किलोमीटर कमी झाले तरी सहा महिन्यांनी ऑईल बदला.

तुम्ही चांगलं मिनरल घ्या. सिंथेटिकला दुप्पट किंवा त्याहून जास्त पैसे जातात. त्या पैशांत मिनरल दोन वेळा बदलून होतं, आणि वेळेवर बदललेलं मिनरल हे लांबवलेल्या सिंथेटिकपेक्षा इंजिनाला जास्त जगवतं. हे मी उघडलेल्या इंजिनांवरून सांगतो. किती किलोमीटरला बदलायचं हा आकडा पुस्तकात आहे, तो वरची मर्यादा समजा. तुमच्या बाजूचा पाऊस, चिखल, आणि पाऊस संपला की लाल धूळ बघता मी तुमच्या गाडीला तीन हजारांवर बदलीन. यावर मिस्त्री लोकांत मतभेद आहेत, कुणी चार हजारही सांगेल. त्यातही फार चूक नाही.

ब्रँड कुठला, हे मी शेवटी ठेवलं कारण त्याचं महत्त्व शेवटचंच आहे. सर्वो, मॅक, एचपी या सरकारी तेल कंपन्यांचं, किंवा कॅस्ट्रॉल, गल्फ, शेल, मोतूल, वीडॉल, किंवा गाडीच्या कंपनीचं स्वतःचं, ती तीन अक्षरं जुळत असतील तर जे जवळ मिळतं ते घ्या. मध्येच ब्रँड बदलला तर इंजिन बसतं ही भीती खोटी आहे. वाटेत लेव्हल कमी दिसली आणि तुमचा ब्रँड मिळाला नाही, तर त्याच ग्रेडचं, त्याच जॅसोचं दुसरं घालून पुढे जा. कोरडं चालवण्यापेक्षा ते शंभर पटीनं बरं. काउंटरवर लहान बाटल्यांत मिळणारं, ऑईलमध्ये मिसळून ताकद वाढवतो म्हणणारं रसायन मात्र घेऊ नका. ऑईलमध्ये लागणारी रसायनं मोजून घातलेलीच असतात.

ब्रँडपेक्षा दुकान महत्त्वाचं आहे, कारण बनावट ऑईल हा खरा धोका आहे. एकदा मी एका दुकानातून नेहमीपेक्षा बऱ्याच कमी दरात बॉक्स घेतला. ओतताना धार पाण्यासारखी, वास जळकट. बॉक्स परत केला, पण दोन गाड्यांत ते आधीच गेलं होतं. दोन्ही मालकांना बोलावून फुकट बदलून दिलं. पेट्रोल पंपावरून किंवा कंपनीच्या डीलरकडून घ्या. झाकणाची कडी अखंड आहे का, बॅच नंबर आणि तारीख स्वच्छ छापलेली आहे का ते बघा. बिल मागा. आणि ऑईल ओतून झालं की रिकाम्या डब्याला स्क्रू-ड्रायव्हरनं भोक पाडा. भरणारे हेच डबे भंगारातून उचलतात. सुट्टं ऑईल तर कुठूनच घेऊ नका.

बदलताना गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर. पाच मिनिटं चालवून ऑईल कोमट करा, मग ड्रेन नट काढा. वायसर चेपलेला असेल तर नवा घाला आणि नट आवळताना ताकद दाखवू नका. ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की दोनशेचं काम दोन हजारांवर जातं. डबा आणला म्हणून सगळा रिकामा करायचा नसतो. इंजिन पूर्ण उघडल्यावर लागणारं माप वेगळं आणि नुसतं ड्रेन केल्यावरचं वेगळं, ते कमी असतं. स्कूटरचा डबा ८०० मिलीचा मिळतो आणि ॲक्टिव्हाला ड्रेननंतर ७०० च्या आसपास किंवा थोडं कमीच लागतं. थोडं थोडं ओतून ऑईलची लेव्हल मोजायची पट्टी बघा. स्प्लेंडरची पट्टी पुसून भोकात नुसती टेकवायची, आटे फिरवून आत घालायची नाही. फिरवून घातली तर लेव्हल खोटी जास्त दिसते. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ असलं की पुरे.

तुमच्या गाडीचा आधीचा इतिहास माहीत नाही, म्हणून एक जादा काम सांगतो. जुनं ऑईल काढाल तेव्हा ते एका पांढऱ्या भांड्यात घ्या. काळं असेल तर घाबरू नका, इंजिनातली काजळी धरून ठेवणं हे ऑईलचं कामच आहे. चिमटीत घेऊन चोळा. चकचकीत कण लागले तर गाडी मिस्त्रीला दाखवा. दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. ऑगस्ट २०१९ च्या पुरात चिकोडी, गोकाकपासून बेळगावपर्यंत गाड्या बुडाल्या, तेव्हा माझ्याकडे अशी ऑईल काढायला रांग होती. ज्यांनी बुडालेली गाडी तशीच सुरू केली त्यांची इंजिनं गेली. ज्यांनी ढकलत आणली त्यांचं आधी पाणी आणि ऑईल काढलं, योग्य ग्रेडचं सगळ्यात स्वस्त मिनरल घालून पाच मिनिटं चालवलं, काढलं, असं दोन-तीनदा केलं, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या आजही चालू आहेत. पावसात जांबोटी रस्त्यावर फरशी पुलावरून पाणी वाहत असताना सायलेन्सर बुडेल इतक्या पाण्यात गाडी घालू नका, आणि बुडून बंद पडलीच तर तिथं सेल मारू नका.

काढलेलं काळं ऑईल गटारात ओतू नका. शहरातली गटारं बळ्ळारी नाल्याला मिळतात आणि तो नाला वडगाव, शहापूरच्या भातशेतांमधून जातो. डब्यात भरून कुठल्याही गॅरेजला नेऊन द्या. आमच्याकडे त्याचं बॅरल असतं, भरलं की ते शुद्ध करणारे येऊन विकत घेऊन जातात.